विहिरी मोजणारी मावशी

माझी मावशी लोकांच्या विहिरींत डोकावण्याचा पगार घेते. खाणीच्या कागदोपत्री तिच्या कामाला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण गल्ली तिला टींमावशी म्हणते. तिच्याकडे फिरकीला गुंडाळलेली लांबलचक फीत असते. फितीचं टोक पाण्याला टेकलं की फिरकी टीं करते. मग मावशी आकडा टिपून घेते आणि त्या घरचा चहा पिते. चहाला ती नाही म्हणाल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

हे सगळं कशासाठी, तर कोळसा आमच्या पायांखालून निघतो. विहिरीचं पाणी एकाएकी उतरलं तर ते गेलं कुठे, हे बघावं लागतं, आणि बरेचदा ते खाली खाणीत गेलेलं असतं. खाली माणसं काम करतात. त्यांत आमचे बाबा.

गल्लीने मात्र वेगळंच डोकं चालवलं. ज्याची विहीर आटेल त्याला खाण घरात नळ देणार, असं कुणीतरी ऐकून आलं. झालं. मावशीच्या फेरीच्या दिवशी सकाळपासून घरोघरी मोटारी सुरू. अंगणं धुतली जात, सायकली धुतल्या जात, शेजारच्या शिंप्याने तर एकदा छप्पर धुतलं. पण मावशी कसली बधते. ती विहिरीजवळ बैठक मारायची आणि पाणी पुन्हा भरेपर्यंत हलायची नाही. शिंपी तिला घालवायला मोठमोठ्या जांभया द्यायचा. ती तोवर त्याच्याकडून उसवलेली बाही शिवून घ्यायची.

त्या दिवशी ती आमच्याकडे आली. फीत सोडली, सोडतच राहिली, कितीतरी वेळाने टीं झालं. तिने आईकडे पाहिलं. आई तिची धाकटी बहीण, आणि नळासाठी आईचा जीव अगदी टांगणीला लागलेला.

"वा," मावशी म्हणाली. "सख्खी बहीणसुद्धा."

"मी काय केलं?"

"काही नाही. चहा ठेव. मी बसते."

एरवी मावशीला लवकर कटवायची आईची कोण धडपड असते. आज तिने चहाबरोबर बिस्किटंही काढली. चेहऱ्यावर असं समाधान, की मलाच शंका आली. एका चुलतबहिणीच्या सुनेची उणीदुणी काढून झाली, मग मावशीने पुन्हा फीत सोडली. टीं आणखी खाली झालं.

"अगं, मोटार अजून चालूच ठेवलीयेस का?"

"मोटार जळलीये," आई म्हणाली. तिला हसू आवरेना. "कालच. एक बादली काढलेली नाही मी. आपसूक उतरलंय. लिही आता मुकाट्याने."

मावशीने लिहिलं नाही. तिने कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. तो बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

तिने खाणीत फोन लावला. पलीकडचे साहेब आमच्या गल्लीला चांगले ओळखून होते. "बाई, उपसलं असेल परत. उगाच सगळी शिफ्ट वर घ्यायची म्हणजे..."

एव्हाना आईच्या डोक्यात प्रकाश पडला होता. हसू कुठल्या कुठे गेलं. तिने मावशीच्या हातून फोन हिसकावला.

"साहेब, शिंप्याने उपसलं, दूधवाल्याने उपसलं, दर वेळी मीपण उपसते. आज नाही उपसलं. मोटार जळलीये, हवं तर येऊन बघा. पण आधी माणसं वर घ्या. आमचे हे खाली आहेत."

अख्ख्या गल्लीचं पितळ तिने एका दमात उघडं पाडलं. साहेब पलीकडे कुणाला तरी ओरडून काहीतरी सांगू लागले. आम्ही अंगणाच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो. आई मावशीचा हात सोडेना.

बाबा आले ते कमरेपर्यंत भिजलेले, काळेकुट्ट आणि कुरकुरत. "बोलावणं आलं, आम्ही वळलो, तर मागे भिंतीतून धारच लागली. बरं झालं, सगळे निघालो." अंगणात वाकून ते पँटचे पाय पिळायला लागले.

"असं जमिनीवर काय पिळताय?" आई म्हणाली. "बादलीत पिळा. आपल्या विहिरीचं पाणी आहे ते."

बाबांना काही कळेना. मावशी हसत सुटली. आईने बादली त्यांच्यापुढे सरकवली आणि तिथेच खाली बसून ती रडायला लागली.