हिरव्या गच्चीखालची खोली

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही. आधी मी खिडकीशी जाऊन आभाळ पाहिलं. आत सुनंदा, माझी बायको, भावाच्या नावानं हंबरडा फोडत होती, आणि मी ढग किती भरलेत ते बघत होतो. हृदयविकाराचा झटका, पहाटे, बारामतीच्या राहत्या घरी. सोपान माझा मेहुणा, माझ्याहून लहान. त्याच्यासाठी वाईट वाटायच्या आधी मनात आलं ते हे, की आता अंथुर्ण्याच्या वसतिगृहावरचं पाणी कोण काढणार... हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगतो.

सोपान वास्तुविशारद होता. पुण्यात शिकला, तिथं नोकरीही चांगली होती, पण ती सोडून गावाकडं आला आणि ऊन-पाण्याचा विचार करून बांधलेल्या इमारतींचं, त्यांना सर्टिफिकेटासह मिळणाऱ्या हरित मानांकनाचं वेड घेऊन बसला. बारामती-इंदापूर पट्ट्यात नवा पैसा आला की माणूस आधी घराला समोरून काच लावतो. सोपान अशा घरमालकाला भर वैशाखात दुपारी त्याच्याच दिवाणखान्यात बसवायचा, एसी बंद करायला लावायचा आणि गप्प बसून राहायचा. मालक घाम पुसायला लागला की मग कागद काढून जाड भिंती, जाळ्या, झाकलेली गच्ची, पावसाचं पाणी मुरवायची टाकी असं सगळं समजावायचा. त्याचे वडील, आमचे आबा, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जात. ते म्हणायचे, "आमी उन्हातानात सावली हुडकत हिंडलो, आन तू सावलीचं सर्टिफिकेट वाटतुयास व्हय रं?" सोपान हसून म्हणायचा, "आबा, तुमच्या झाडाला मी पहिला नंबर दिला आसता."

पण तो भित्रा होता. निदान मी त्याला तसं म्हणायचो. ठेकेदार मी, नकाशे त्याचे, अशी आमची जोडी. स्लॅब ओतला की तो रात्रभर झोपायचा नाही, खालच्या टेकूंचं सेंट्रिंग निघताना त्याचा चेहरा पांढराफटक. चारचौघांत मी म्हणायचो, "आमच्या सोपानला शिडी चढायची म्हटलं तरी आधी शिडीचं मानांकन लागतं." लोक हसायचे. तोही हसायचा, पण माझ्याकडे न बघता.

अंथुर्ण्याचं मुलींचं वसतिगृह हे आमचं पहिलं मोठं काम. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नाही. या भागातली पहिली मानांकन मिळालेली इमारत व्हावी अशी सोपानची फार इच्छा होती. एकदा दाखवून दिलं की लोक मागून येतील, असं तो म्हणे. गच्चीवर गवताची बाग होती, तिला मानांकनात गुण होते, आणि खालच्या खोल्या थंड राहणार होत्या. तिच्यासाठी त्यानं नारळाच्या भुशाची हलकी माती सांगितली होती, वीतभरसुद्धा नाही असा थर. स्लॅबचा हिशेब तेवढ्याच वजनाचा. ती माती यायला उशीर होत होता आणि मानांकनाची तपासणी तोंडावर आली होती. मी पळसदेवचा गाळ आणला. उजनी धरणाचं पाणी ओसरलं की आमच्याकडची माणसं जो गाळ सोन्यासारखा उचलून शेतात टाकतात, तो. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माझ्यासारख्याला त्यात चूक काय दिसणार? उलट मला अभिमानच वाटला. आणि थरही चांगला गुडघ्याला लागेल असा दिला. गवत असं तरारलं की तपासणीला आलेले साहेब त्यात उभे राहून फोटो काढत राहिले. मानांकन मिळालं, हार-तुरे झाले, मला त्यावर आणखी कामं मिळाली.

सोपान तेव्हा आजारी होता. महिन्याभरानं गच्चीवर गेला, मूठभर माती हातात घेऊन पिळली आणि खाली बसला. "दाजी, ह्यो गाळ हाय."

"मग? गाळासारखी माती हाय का दुसरी?"

"शेतात न्हाय. हितं ती पाणी धरून बसंल. भिजली की वजन किती हुईल म्हायत्येय का? खाली पोरी झोपत्यात, दाजी."

मी म्हणालो, सत्कारांची धामधूम सरू दे, उतरवू. मग म्हणालो, पोरींच्या परीक्षा होऊ देत. पहिल्या पावसाळ्यानंतर एका खोलीत स्लॅबला किंचित पोट आल्यासारखं दिसलं तेव्हा तो माझ्या घरी आला. आणि मी जे बोललो ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणालो, "बाग काढली की मानांकन जाणार, मग तुझ्या असल्या घरांवर इथं कोण विश्वास ठेवील? आणि माझं नाव गेलं की तुझ्या बहिणीच्या घरात चूल कशी पेटंल, तेवढं सांग." सुनंदा आतून चहा घेऊन येत होती. तो तिच्याकडे बघून उठला आणि निघून गेला. त्यानंतर त्या गच्चीबद्दल तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. फक्त पाऊस लागला की मोटारसायकल काढायचा. गच्चीच्या नळ्या गाळानं तुंबायच्या, त्यांत गज घालून तो पाणी मोकळं करायचा. मला हे ठाऊक होतं. ठाऊक असून मी घरात बसायचो.

दिवसकार्य उरकलं आणि परतीचा पाऊस सुरू झाला. त्या दुपारी मी ताटावरून उठून गाडी काढली. अंथुर्ण्याला पोचेपर्यंत गाडीचं स्टिअरिंग घामानं निसटत होतं. गच्चीवर भाताच्या खाचरागत पाणी. गज कुठल्या नळीत घालायचा तेही मला माहीत नव्हतं. चिखलात गुडघे टेकून हातानं उकरत होतो, खालून मुलींच्या हसण्याचा, पाढे म्हटल्यासारखा काहीतरी पाठ करण्याचा आवाज येत होता. माझ्या गुडघ्याखाली एक स्लॅब आणि त्याच्याखाली त्या... मला जोरात हलायचीसुद्धा भीती वाटायला लागली.

पाणी कसंबसं वाहतं झालं तेव्हा रेक्टरबाई छत्री घेऊन आल्या. "सोपानसर गेल्यापास्नं म्या बी आभाळाकडंच बघती," म्हणाल्या. मग कमरेची किल्ली काढली. "त्यांची एक खोली हाय. बागेचं सामान हाय म्हणायचे, पोरींना येऊ देऊ नका म्हणायचे. आता तुमीच बघा."

खोलीत बागेचं सामान नव्हतं. लोखंडी प्रॉप, म्हणजे टेकू, उभे होते, दाटीनं, स्लॅबला खालून टेकलेले. त्याचे स्वतःचे, भाड्याचे नव्हेत. तुळईला चीर होती आणि चिरेवर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या. आमच्या धंद्यात चीर वाढतेय का ते असंच बघतात, वाढली तर काच तडकते. दोन तडकलेल्या होत्या. तिसरी अखंड होती; म्हणजे प्रॉप लागल्यावर चीर थांबली होती.

मी तसाच चिखलानं भरलेल्या कपड्यांत संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलो. "तात्या, पोरी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा," एवढंच आधी बोलता आलं. बाकीचं मुली शाळेच्या सभागृहात गेल्यावर सांगितलं. तात्यांनी शिवी दिली नाही. ते म्हणाले, "माझी नात हाय त्यात." मानांकनवाल्यांनाही कळवलं. ते जाईल. घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आन तुमी त्याला भित्रा म्हणायचा."

गाळ उतरला आहे. बाहेरून आलेल्या अभियंत्यांनी तुळई जाड करून इमारत वाचेल असं सांगितलंय, हलकी मातीही पुन्हा टाकता येईल म्हणाले. परवा काम त्या खोलीपर्यंत आलं. मिस्त्री शिडीवरून म्हणाला, "सायेब, ही काच काढावी लागंल. त्याबिगर हितं काय करता यायचं न्हाय."

मी शिडी चढलो. ती अखंड पट्टी ज्या लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, चिकटवली होती तिच्यावर सोपानच्या अंगठ्याचा ठसा होता, दाबून बसवलेला, रेघा न् रेघा दिसत होत्या. डोक्यावर आता कसलंच वजन नव्हतं, खाली कुणी झोपत नव्हतं. तरी माझा हात त्या काचेपाशी जाऊन मागं आला.

"बाकीचं उरका आधी," मी म्हणालो. "हिला शेवटी हात लावा."

मिस्त्री दुसऱ्या खोलीत गेला. मी प्रॉपला पाठ टेकून, काचेकडं बघत, तिथंच बसून राहिलो.