आंधळगावची हाय-रिस्क केस

खरं तर हे काम नागपुरात घरी बसून झालं असतं. भंडाऱ्यातल्या एका खासगी दवाखान्याला आपली वेबसाइट दिव्यांगांना नीट वापरता येते का, हे तपासून हवं होतं. दवाखान्याचं नाव छापायचं नाही असं ठरलंय, त्यामुळे विचारू नका. तपासणी हाच माझा धंदा आहे. मला जन्मापासून दिसत नाही. माझा फोन पडद्यावरचं सगळं मला वाचून दाखवतो, आणि जिथे तो गप्प बसतो किंवा भलतंच बोलतो तिथे वेबसाइटवाल्यांचं काय चुकलं, ते मी लिहून देतो.

ही वेबसाइट उघडली तर फोन म्हणाला, "बटन. बटन. बटन. चित्र. बटन." मग बासरी सुरू झाली. ती बंद करायची सोय शोधली, तर तेही नुसतंच "बटन".

रिपोर्ट चहा पिता पिता लिहून झाला असता. पण वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीने आलेल्या तक्रारी पाठवल्या होत्या, त्यात आंधळगावच्या एका काकांचा आवाजी मेसेज होता. "तुमच्या वेबसाइटनं माही इज्जत घेतली. आता फोन करू नोका." एवढंच. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. वेबसाइटने वेळ घेतलेला मी पाहिलाय, डेटा घेतलेला पाहिलाय. इज्जत कशी घेतली, हे फोनवर विचारण्यासारखं नव्हतं. शिवाय आसगावच्या संगीता नावाच्या ऐकू न येणाऱ्या बाईंचीही तक्रार होती. मी रोहनला म्हटलं, गाडी काढ.

रोहन माझा सहकारी. पुण्याचा, कोड उत्तम लिहितो, गाडी बरी चालवतो आणि वर्णन अत्यंत वाईट करतो. नागपूर ते भंडारा रस्ता सुरेख आहे, सकाळी निघालात तर दीड तासात पोचता. पण माझ्यासारख्याने रोहनसारख्याबरोबर जाऊ नये.

"बाहेर काय आहे?"

"शेत."

"कसलं?"

"पिवळं."

धान कापणीचे दिवस होते. खिडकीतून वाळलेल्या तणसाचा वास येत होता आणि कुठेतरी मळणीयंत्र धडधडत होतं. मला कळत होतं, रोहनला दिसत होतं, आणि आमच्या दोघांत मिळून एक पूर्ण वर्णन काही तयार होत नव्हतं. भंडाऱ्याच्या पुढे तो म्हणाला, "रस्त्याच्या कडेला बायका काळे दगड विकतायत." मी गाडी थांबवायला लावली. उकडलेले शिंगाडे होते. तलावांचा जिल्हा आहे, या दिवसांत गेलात तर गरमच घ्या आणि गाडीत टरफलांसाठी पिशवी ठेवा. आम्ही ठेवली नव्हती. रोहनच्या सीटखाली अजून आहेत.

मोहाडीच्या बाजूला वळून आंधळगावला पोचलो. "दृष्टिहीन माणूस आंधळगावला चाललाय" हा विनोद रोहनने सकाळपासून दाबून ठेवला होता. शेवटी तो मीच केला, म्हणजे तो मोकळा झाला.

काकांना इथे शालिकराम काका म्हणतो. हे खरं नाव नाही. लिहायची परवानगी त्यांनी दोन अटींवर दिली: नाव बदलायचं, आणि काय त्रास होता ते कुणालाही सांगायचं नाही. "गावाचं नाव लिहा," म्हणाले. "गाव मोठं आहे, कोनाले समजनार नाही." त्यांची नजर काचबिंदूने गेलेली, पण धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, काठी टेकत बिनधास्त फिरतात. लेकीने दिलेला फोन ते वापरतात, तोही पूर्ण आवाजात. इअरफोनने कान खाजतो म्हणे.

काकूंनी आधी जेवायला वाढलं. "भाजीत सांबार टाकू का?" असं रोहनला विचारलं. त्याला वाटलं, वांग्याच्या भाजीवर इडलीचं सांबार ओततात की काय. घाबरत "थोडंसं" म्हणाला आणि भाजीवर कोथिंबीर आली. विदर्भात येणाऱ्यांनी एवढं पाठ करून यावं.

जेवणं झाल्यावर काकांनी हकिकत सांगितली, एखादा जमिनीचा वाद सांगावा तशी गंभीरपणे.

दिवाळीच्या आधी त्यांना एक त्रास सुरू झाला. दवाखान्यात थेट जावं, तर भरल्या हॉलमध्ये काउंटरवरची मुलगी मोठ्याने विचारते, काय होतंय? बाजूला गावातलं कोणी ना कोणी असतंच. म्हणून दिवाळी झाल्यावर त्यांनी ठरवलं, वेबसाइटवरून नंबर लावू, विभाग आपणच निवडू. वेबसाइटवर विभागांची सुबक चित्रं होती, पण एकालाही नाव दिलेलं नव्हतं.

"बटन, बटन, बटन म्हने. कोनतं दाबू? चौथं दाबलं."

चौथं प्रसूती विभागाचं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून एका सिस्टरचा फोन आला. काकांचा फोन स्पीकरवरच असतो. अंगणात काकू, व्याही, व्याह्यांचे पाहुणे असे सगळे बसलेले.

"सिस्टर म्हने, कोनता महिना चालू आहे? म्या सांगितलं, कार्तिक."

रोहनने पाण्याचा पेला खाली ठेवला. मी ओठ घट्ट धरून बसलो होतो.

"मंग म्हने, उलट्या होतात का? म्हनलं, नाही. मंग म्हने, जड काही उचलायचं नाही. म्हनलं, बाई, धान कापनीवर आलं आहे, उचलल्याबिगर कसं होईल? तं थे माह्यावरच रागावली. म्हने, घरच्यांले फोन द्या."

फोन काकूंना दिला गेला. काकूंना सिस्टरने ताकीद दिली, की त्यांना आराम द्या, दूध द्या. आणि हे अंगणात सगळ्यांनी ऐकलं. मग दर आठवड्याला फोन. गावात पारावर काकांना बसायला जागा करून द्यायला लागले. "बसा काका, उभे राहू नोका."

काकू आतून म्हणाल्या, "त्याइले का होऊन राहिलं थे मले सांगत नाही. बायकोले सांगत नाही, मोबाइलले सांगते. आन मोबाइल साऱ्या गावाले सांगते."

आता हसू येणं साहजिक आहे, आणि काकाही थोडे हसले. पण निघताना मला बांधीकडे घेऊन गेले. आम्ही दोघे हातात काठ्या घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहिलो आणि त्यांनी हळू आवाजात खरा त्रास सांगितला. बरा होण्यासारखा होता, आणि दिवसेंदिवस वाढत होता. डॉक्टर अजून त्यांनी गाठलाच नव्हता.

"काहून गेले नाही?" मी विचारलं.

"आता कसा जाऊ? गेलो तं म्हनतीन, आला डिलिव्हरीले."

आम्ही काठ्या टेकत परत अंगणात आलो.

दुसऱ्या दिवशी पवनीच्या बाजूला आसगाव. भंडाऱ्यातल्या लॉजवर राहिलो होतो. स्वच्छ आहे, लिफ्ट बोलत नाही. सकाळी पोह्यांवर हरभऱ्याची तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, घेतली आणि रोहनचा रस्ताभर आवाज बसलेला होता. वर्णनाच्या दृष्टीने फारसा फरक पडला नाही.

संगीताताई शिवणकाम करतात. त्यांना ऐकू येत नाही, वाचता उत्तम येतं. सासूबाईंची शुगरची औषधं त्याच सांभाळतात. दवाखान्याच्या वेबसाइटवर मधुमेहाच्या काळजीचा व्हिडिओ आहे, त्यात मोठे डॉक्टर स्वतः बोलतात, पण खाली शब्द उमटत नाहीत. संगीताताईंनी तो आवाज नसलेल्या चित्रासारखाच पाहिला होता. त्यांना काय समजलं, ते त्यांच्या जाऊबाई वंदनाताई आम्हाला सांगायच्या. दोघींच्या घरगुती खुणा आहेत.

"ती म्हनते," वंदनाताई म्हणाल्या, "डॉक्टरसायेब सांगून राहिले, एक मोठा कोहळा घ्यायचा, मधात चिरायचा, अर्धा खायचा, अर्धा मांगं फेकायचा."

रोहनने व्हिडिओ लावला. मी आवाज ऐकला. डॉक्टर म्हणत होते, "आपली थाळी अशी मोठी समजा. अर्धी थाळी भाज्यांची. पोळी-भाताचं प्रमाण अर्ध्यावर आणा आणि गोड विसरून जा." हातवारे काय केले असतील, ते माझ्याही लक्षात आलं. सासूबाईंनी काही दिवस इमानदारीने कोहळा खाल्ला होता. फेकायला मात्र नकार दिला होता.

बोलणं असं चाललं होतं: मी बोलायचो, वंदनाताई खुणा करायच्या, संगीताताई खुणा करायच्या, वंदनाताई मला सांगायच्या. खुणा बराच वेळ चालायच्या आणि माझ्यापर्यंत "हाव म्हनते", म्हणजे "हो", एवढंच यायचं. मग संगीताताईंनी माझ्या हातातला फोन अलगद काढून घेतला, काहीतरी टाइप केलं आणि परत दिला. माझ्या फोनने आपल्या कोरड्या, सरकारी आवाजात मोठ्याने वाचलं:

"वंदना अर्धंच सांगते. बाकीचं मनानं जोडते."

संगीताताईंना अर्थातच माहीत नव्हतं की फोन हे मोठ्याने वाचतो. वंदनाताईंनी ते खुणेने कळवलं असावं, कारण मग संगीताताईंना असं हसू सुटलं की पाठोपाठ वंदनाताईही हसायला लागल्या. "चार वर्षं हिच्यासाठी तोंड चालवून राहिले," त्या म्हणाल्या, "आन बक्षीस पाहा."

त्यानंतर आम्ही थेटच बोललो. त्या टाइप करायच्या, फोन मला वाचून दाखवायचा. मी बोलायचो, फोन त्यांना लिहून दाखवायचा. त्यांना नेमकं काय हवं होतं, ते त्यांनी स्वच्छ लिहिलं: गोळी जेवणाआधी की नंतर, हे कोणाला न विचारता कळायला हवं. वंदनाताई मध्येच म्हणाल्या, "मले बी कोनी काही विचारा." मग रोहनने त्यांना चहाचं विचारलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मीटिंग. मोठे डॉक्टर मनाने चांगले आणि वेबसाइटच्या प्रेमात. बासरी त्यांनी स्वतः निवडली होती. मी सुरुवात केली की चित्रांना नावं द्या, व्हिडिओखाली शब्द द्या, डिस्चार्जची कागदपत्रं फोटो काढून चढवू नका, फोनला ती वाचता येत नाहीत. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण आमच्याकडे वेबसाइटवरून असे पेशंट आलेले नाहीत."

काकांचं नाव न घेता मी म्हटलं, "एक आले होते. आंधळगावहून. प्रसूती विभागात."

टेबलाच्या टोकाला प्रसूती विभागाच्या सिस्टर बसल्या होत्या. त्यांची खुर्ची करकरली.

"ते काका?" त्या म्हणाल्या. "सर, ती माझी हाय-रिस्क केस आहे."

"हाय-रिस्क कशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"वय जास्त आहे ना, सर. त्रेसष्ट. कॉम्प्युटरने आपोआप लाल केलं. मला वाटलं, घरातल्या कुणा बाईसाठी नंबर लावताना चुकून स्वतःचं नाव-वय टाकलं असेल. म्हणून दर आठवड्याला विचारायची, त्या कशा आहेत? तर म्हणायचे, ती बरी आहे, मलाच त्रास आहे. मला वाटलं, काळजीने म्हणत असतील. मग त्यांनी माझा नंबरच ब्लॉक केला."

डॉक्टर खूप हसले. टेबल थरथरत होतं. सिस्टरही हसल्या, रोहनही. मग डॉक्टरांचं हसणं हळूहळू विरलं आणि त्यांनी विचारलं, "पण मग त्या माणसाच्या त्रासाचं काय झालं? तो आला का?"

"नाही," मी म्हणालो. "लाजतो आहे."

सिस्टर म्हणाल्या, "दर आठवड्याला त्यांच्याशी बोलत होते, तरी माझ्या लक्षात आलं नाही." डॉक्टरांनी मग बासरी सोडून सगळं मान्य केलं. बासरीवर तडजोड झाली: ती आपोआप वाजणार नाही, तिच्या बटनाला "बासरी ऐका" असं नाव असेल. काकांच्या वतीने मी एक मागणी मांडली होती, तीही झाली. नंबर लावताना आता एक खूण करता येते: "माझ्या आजाराबद्दल काउंटरवर मोठ्याने विचारू नये."

रोहन तिथेच कोपऱ्यात बसून बटनांना नावं देत होता. दुपारी काकांना फोन केला, वेबसाइट उघडायला सांगितली आणि मी फोन ठेवून दिला. त्यांना काय निवडायचं ते त्यांनीच निवडावं. थोड्या वेळाने त्यांचा मेसेज आला: "लागला नंबर. या बारीले बरोबर लागला." मागे काकूंचा आवाज होता, "कायचा?" आणि मेसेज तिथेच तुटला होता.

परतीच्या रस्त्यावर मी रोहनला काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. बरं वाटलं. नागपुरात आल्यावर मित्र विचारतात, भंडाऱ्यात काय पाहिलंस? पाहिलं नाही काही. शिवणयंत्राच्या खोलीत दोन जावा हसल्या तो आवाज आणि धुऱ्यावर काकांनी घसा साफ करून हळूच बोलायला सुरुवात केली तो क्षण, एवढं माझ्यापाशी राहिलं. व्हिडिओंखाली आता शब्द येतात. संगीताताईंच्या सासूबाईंनी कोहळा सोडला, असं वंदनाताईंनी कळवलं. संगीताताईंनी वेगळं लिहून ते खरं असल्याचं कळवलं.

काही आठवड्यांनी माझा फोन वाजला. काकू होत्या.

"भाऊ, हे दवाखान्यात जाऊन आले. बसनं, एकटेच. आता जेवते बी, झोपते बी. पन का झालं होतं, विचारलं तं म्हनते, प्रायव्हेट आहे. तुमाले माहीत आहे ना?"

"नाही काकू."

"खोटं बोलून राहिले तुमी."

"हो काकू."

मग मागून काकांचा आवाज आला, "कोनाचा फोन आहे?"

"माहा आहे," काकू म्हणाल्या. "प्रायव्हेट."