दोन डावी शिंगं

माझे धाकटे दीर शामकांत जहाजावर चीफ इंजिनियर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, सिंगापुरात सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये बायको नीताबरोबर राहतात, आणि अजून एकही पाहुणा हरणाची शिकार ऐकल्याशिवाय त्यांच्या घरातून लिफ्टपर्यंत पोचलेला नाही. सोफाच तसा मांडला आहे. पाहुणा बसला की बरोब्बर समोरच्या भिंतीवर शिंगं. सागवानी पाटी, पितळी बोल्ट, सगळं भाऊजींनी इंजिनरूममध्ये स्वतः केलेलं. काम सुरेख आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

शिकारीच्या आधी प्रस्तावना असते. कुठल्या देशात हरीण मारता येतं आणि कुठल्या नाही, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव नीताला विचारावं लागतं, ते वेगळं.

"वहिनी, टेक्सासमध्ये रान बहुतेक खाजगी. मालकाने फाटक उघडलं तर तुम्ही आत. स्कॉटलंडला बड्या लोकांच्या इस्टेटी, बरोबर त्यांचा माणूस, तो दाखवेल तेच हरीण मारायचं. न्यूझीलंड म्हणजे राजा देश. रान सरकारी, परवाना फुकट. हरीण मुळात गोऱ्यांनी नेऊन सोडलं, ते माजलं, आता सरकारच म्हणतं, मारा."

"आणि आपल्याकडे?"

"बहात्तरपासून बंद. सरळ तुरुंग. आणि इथं तर बघा, मंडाईच्या रानात सांबर आहेत, पण त्यांना केळं खायला घातलंत तरी दंड."

थोडक्यात, हा माणूस जिथं जिथं राहिला तिथं शिकारीला बंदी होती, आणि त्यात त्याची मोठी सोय झाली.

मूळ गोष्ट एक्क्याण्णव सालची. जहाज न्यूझीलंडच्या टिमारू बंदरात चार दिवस अडकलं, भाऊजी जहाज कंपनीच्या तिथल्या एजंटाबरोबर डोंगरात गेले आणि एका गोळीत नर पाडला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो नर ऐंशी पावलांवर उभा होता. आता तो दोनशे पावलांवर गेलाय, आणि मधल्या काळात धुकंही पडलंय.

हे असंच चाललं असतं. पण गार्गीचं लग्न ठरायला आलं. गार्गी म्हणजे भाऊजींची एकुलती मुलगी. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात तिच्याबरोबर असलेला विक्रांत तिने निवडला. मुलगा चांगला. त्याचे वडील प्रबोध पंचवीस वर्षं न्यूझीलंडच्याच क्राइस्टचर्चला, दुधाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतात, आणि दर एप्रिलला खरोखरीच्या शिकारीला जातात. गार्गीने उत्साहाच्या भरात त्यांना सांगून टाकलं की माझे बाबाही शिकारी आहेत. प्रबोध खूश. भेटायला येतो म्हणाले.

मग मात्र पोरगी घाबरली. घाबरली की तिच्या बोलण्यात सिंगापुरी "लाह" येतं.

"बाबा, प्लीज, ती स्टोरी नको लाह."

"का नको? व्याह्यांना तेच तर ऐकायचंय."

नीता म्हणाली, "निदान ती शिंगं आतल्या खोलीत ठेवू या का?" यावर भाऊजींनी पितळेला पॉलिश लावायला घेतलं.

प्रबोध आले. साधा, कमी बोलणारा माणूस. सोफ्यावर बसले, प्रस्तावना ऐकली, एजंट ऐकला, धुकं ऐकलं. मग उठून शिंगांपाशी गेले, बुडाशी अंगठा फिरवला.

"बंदूक कुठली होती हो?"

"बंदूक एजंटाची," भाऊजी म्हणाले. "त्या काळी तिथला कायदा असा होता की..." आणि पुढे वीस मिनिटं कायदा.

प्रबोध परत येऊन बसले आणि नीताचे दहीवडे खाल्ले. निघाल्यावर मी त्यांना खाली सोडायला गेले. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच.

"वहिनी, एक सांगू? ही शिंगं गळालेली आहेत. हरणाची शिंगं दर वर्षी आपोआप पडतात. मारलेल्या जनावराची असती तर बुडाला कवटीचा तुकडा आला असता. ही रानातून उचललेली. आणि दोन्ही डावी आहेत."

मी प्राणिशास्त्राची पदवीधर. तीस वर्षं ती शिंगं एकाच बाजूला वळलेली बघत होते, आणि हरीणच जरा वाकडं असेल अशी समजूत करून घेतली होती.

"मग आता काय करणार?" मी विचारलं.

"काही नाही. बोलायचं कशाला?"

"एप्रिलमध्ये बरोबर घेऊन जा त्यांना," मी म्हणाले. तीस वर्षांचा हिशेब होता तो, माझा राग म्हणा हवं तर.

संध्याकाळी प्रबोधचं आमंत्रण आलं. लगोलग भाऊजींचा मला फोन.

"वहिनी, माझ्याकडे बंदुकीचं लायसन्स नाही."

"त्यांच्याकडे आहे. ते शेजारी असले की तुम्हाला चालवता येते. तुम्हीच सांगितलंत मागे."

"परवाना?"

"फुकट. राजा देश."

"गुडघे, वहिनी."

"गुडघे दिवाळीत तर बरे होते."

त्यानंतर गार्गीचा फोन. ती चिडली की इंग्रजीत जाते, पण त्या दिवशी मराठीत बोलली. "काकू, बाबांना बंदूक धरता येत नाही. मला माहितीये, आईला माहितीये. ते तिथं उघडे पडले तर विक्रांतच्या घरात मी कुठल्या तोंडाने जाऊ? खोटारड्याची मुलगी म्हणून?"

फोन ठेवला आणि पहिल्यांदा वाटलं, आपण जरा जास्तच केलं.

एप्रिलमध्ये भाऊजी गेले. पुढचं मला प्रबोधकडून कळलं, मी सरळ विचारलं म्हणून. दोघं पहाटे डोंगर चढले. गुडघ्यांनी तक्रार केली नाही. उजाडल्यावर समोरच्या उतारावर नर आला, साठेक पावलांवर, आणि आडवा उभा राहिला. प्रबोधनी बंदूक लावून दिली, खांद्याला कुठं टेकवायची ते दाखवलं, आणि कुजबुजले, "मारा."

भाऊजींनी बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोकं वर काढून म्हणाले, "हा उतार आपल्या परवान्याच्या हद्दीत येतो ना?"

"येतो."

"नकाशा बघू या एकदा. नदीच्या पलीकडे दुसरा विभाग लागतो, तिथला परवाना वेगळा."

त्यांनी खिशातून नकाशा काढला. छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून नेला होता. त्याचा आवाज झाला, नराने मान वळवली आणि गेला.

"मी बंदुकीतली गोळी काढून घेतली," प्रबोध म्हणाले. "मग दोघं खाली उतरलो."

मे महिन्यात बुकित बातोकला आमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये साखरपुडा झाला. जेवणं चालली होती. कुणीतरी भाऊजींना विचारलं, काय, न्यूझीलंडला काय केलंत? प्रबोध दोनच खुर्च्या पलीकडे. गार्गीने विक्रांतचा हात धरला. नीता ताटातल्या श्रीखंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, आता झालं.

भाऊजींनी एकदा प्रबोधकडे पाहिलं, पाणी प्यायले आणि सुरू झाले. नर दीडशे पावलांवर. वारा तोंडावर. नेम बरोब्बर खांद्यामागे. "चाप ओढला, तर आत गोळीच नाही. आता व्याह्यांनी भरून दिली म्हटल्यावर मी उघडून बघायचं, हे काही बरं दिसत नाही."

सगळे प्रबोधकडे वळले. मुलाचा बाप, साखरपुड्याच्या पंगतीत, मुलीच्या बापाकडून हे ऐकत होता. गार्गीच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. प्रबोधनी तिच्याकडे बघितलं, मग पुरीचा तुकडा खाली ठेवला.

"हो," ते म्हणाले. "चूक माझीच. भरायला विसरलो."

गार्गीने श्वास सोडला. विक्रांत हसू लपवायला पाणी आणायला उठला. आणि शामकांतभाऊजींनी हात पुढे करून व्याह्यांच्या पाठीवर थोपटलं. "असू दे हो," ते म्हणाले. "होतं असं. नवीन माणसाचं तर होतंच." सगळ्यांदेखत त्यांनी प्रबोधना माफ केलं.