आत्याच्या तळहातावरचं मीठ

हे लिहावं की नाही, महिनाभर ठरत नव्हतं. सोलापूरला कॉलेजात मी सायन्स शिकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. निजामाचं राज्य गेलं, गावात शाळा आली, म्हणून शिकलो. भुताखेतांच्या गोष्टींवर मी आजवर हसतच आलो... पण जे डोळ्यांनी पाहिलं ते तेवढंच सांगतो.

माझी आत्या बेंबळीला एकटीच राहते. मूलबाळ नाही. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. सोबतीला एक मांजर — मनी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी मला आमच्या वाशी गावाहून बेंबळीला पाठवलं, आत्याला ऑपरेशनसाठी सोलापूरला न्यायला. याआधी दोनदा तिनं नकार दिला होता.

"मनीला कुणावर सोडू?" ती म्हणाली. "तुझा बाप वर्सातनं एकदा येतो. ही दिवसातनं धा बारी मांडीवर येती."

शेजारचे गुंडूतात्या म्हणाले, "आक्का, मी माझ्या वाट्याचं दूध घालीन तिला. मग तर झालं?"

"तुमच्या वाट्याला दूध येतं व्हय तात्या? सूनबाई कवापासनं द्याया लागली?"

तात्या हसले, आत्याही हसली, आणि तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. होती.

त्याच दुपारी तात्यांच्या कडब्याच्या गंजीमागे मनी मरून पडलेली दिसली. अंगावर जखम नव्हती. तात्या म्हणाले, "आक्काला कळू देऊ नगंस. कळलं तर जायाची न्हाय, अन् डॉक्टर म्हणलाय, आता उशीर केला तर डोळं कायमचं जातील."

मला ते पटलं. ओढ्याकाठी खड्डा खणला. आमच्याकडे मांजर पुरताना मीठ घालतात. मला ते खुळचटपणाचं वाटलं, पण तात्या ऐकेनात. घरून ओंजळभर खडेमीठ आणून त्यांनी स्वतः मनीच्या अंगावर टाकलं. माती लोटून वर दगड ठेवला. मी विहिरीवर हातपाय धुतले आणि खोटं काय बोलायचं ते मनात घोकत घरी आलो.

चार वाजले असतील. स्वच्छ ऊन होतं. आत्या उंबऱ्यापाशी पोत्यावर बसली होती, आणि तिचा उजवा हात हळूहळू फिरत होता... मांडीवर नाही, मांडीच्या वीतभर वर. खाली काहीच नव्हतं. पण लुगड्याचा घोळ मधोमध दबलेला होता, काही बसावं तसा.

"आलास व्हय?" ती म्हणाली. "बघ रं, हिच्या अंगाला काय लागलंय. अन् लई गार पडलीया."

तिनं तळहात माझ्यापुढे धरला. काळी माती आणि खडेमिठाचे चार-पाच खडे.

मी तसाच पळत जाऊन तात्यांना ओढ्याकाठी घेऊन गेलो. दगड जागचा हलला नव्हता. उकरून बघायला हवं होतं. सायन्सचा विद्यार्थी म्हणवतो आणि तेवढंही धाडस झालं नाही, ही चूक मी कबूल करतो. माझ्या हातांचं मीठ तिला लागलं म्हणावं, तर मिठाला मी हात लावलाच नव्हता, आणि आल्यापासून तिलाही शिवलो नव्हतो.

सकाळी आत्या मुकाट एस.टी.त बसली. ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला. मला धास्ती होती ती घरी परतण्याची.

घरी आल्यावर ती उंबऱ्यापाशी बसली. आधी मांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कवा पुरलीस?"

"जायच्या आदल्या दिवशी... दुपारी." माझी मान वर होत नव्हती. "आत्या, तुम्ही आला नसता म्हणून —"

"आले नसते, खरं हाय." तिनं चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "दवाखान्यात बी व्हती रं. पट्टी सुटंस्तवर."

मी या सगळ्याचा पुष्कळ विचार केला. आमच्या प्रोफेसरांनाही विचारलं. ते हसले. त्यांच्या जागी मीही हसलो असतो.

आत्याला आता सगळं दिसतं. सुईत दोरा ओवते, तांदूळ निवडते. पण रोज चारच्या सुमाराला चष्मा काढून बाजूला ठेवते आणि पोत्यावर बसते. थोड्या वेळानं तिचा हात हलायला लागतो.

मी तिथं असलो तर उठून बाहेर जातो. लुगड्याच्या घोळाकडे बघायचं धाडस अजून होत नाही.