पिवळी गाठ आणि नारळाचं गाऱ्हाणं

ऑपरेशन झालं की काढलेला अवयव नातेवाइकांना दाखवायचा, ही आपल्याकडच्या हॉस्पिटलांची रीत. माझी डावी किडनी ट्रेमध्ये घालून सर्जनने आमच्या ह्यांच्यापुढे धरली आणि आतली गाठही कापून दाखवली. मी आत बेशुद्ध. पुढे जे रामायण घडलं, ते त्या ट्रेमुळे.

ह्यांनी वाकोल्याला चाळीत येऊन सासूबाईंना सांगितलं, "पिवळीधमक होती गे आये. कोंबडी साफ करताना चरबी निघते ना, तशी. डॉक्टर म्हणाला, ह्या कॅन्सरच्या गाठीत चरबीच भरलेली असते."

झालं! ऐंशीच्या दशकातले दिवस ते. कॅन्सर हा शब्दही चाळीत कुजबुजून बोलायचे. पण मी टाके घेऊन घरी येईपर्यंत सगळ्यांनी निकाल लावून टाकला होता: खाऊन खाऊन झालाय हिला. मी पहिल्यापासून अंगाने भरलेली, आणि कालवणात सढळ हाताने नारळ घालणारी. शेजारीण तर तोंडावर म्हणाली, "जिभेवर ताबा हवा गं."

"आधी तुझ्या जिभेवर ठेव," मी म्हटलं. टाका ओढला गेला, पण बरं वाटलं.

सासूबाईंना मात्र असं सुनावता येईना. बाई मालवणची, हट्टी, आणि माझं ऑपरेशन चालू असताना हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उपाशी बसलेली. त्यांनी घरातले नारळ वाटून टाकले. नारळ खवायचा आडाळो फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. "चरबीची गाठ ती. आता नारळ घरात येऊचो नाय!" वर देवापुढे नवस: सुनेच्या जिवासाठी घरात खोबरं, तेल, तूप बंद. म्हणजे नवस त्यांचा आणि उपास माझा!

सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी उकडलेला दुधी. आम्हा कोकणातल्या माणसांना नारळाशिवायचं जेवण म्हणजे पथ्यच, घशाखाली उतरत नाही. माझी भूक मेली. अंगठी बोटातून गळायला लागली, मोरीपर्यंत जातानाही भिंत धरावी लागे. कॅन्सरमधून सुटले, पण ही पेज मला मारणार, असं वाटून रडू यायचं. रडण्यापेक्षा संताप जास्त यायचा. माझं शरीर, माझी गाठ, आणि ताटात काय पडणार ते ठरवणार दुसरेच?

तपासणीला गेले तर माझं वजन बघून सर्जनच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी सरळ विचारलं, "डॉक्टर, ती चरबी माझ्या ताटातून गेली का हो?"

"कोण म्हणतं? त्या पेशी स्वतःच चरबी साठवतात. चांगली पेशी चरबी जाळते, वापरते. ह्या जाळत नाहीत, कोंबून ठेवतात. तपासणीची काच तयार करताना ती चरबी धुऊन जाते, म्हणून सूक्ष्मदर्शकातून त्या रिकाम्या दिसतात."

"साठवून करतात काय मेल्या?"

तो हसला. "वाढायला उपयोग होत असेल. अजून नीट कळलेलं नाही."

"मी बारीक असते, तर झाला नसता?"

"लठ्ठपणाने धोका थोडा वाढत असावा. पण काडीसारख्या माणसांच्याही गाठी काढल्यात मी. तुम्हालाच का, ते मला सांगता येणार नाही. पण असं उपाशी राहून कॅन्सरचं काही बिघडणार नाही. तुमचं बिघडेल. जेवा."

"कळलेलं नाही" म्हणणारा हा पहिलाच माणूस. आमच्या चाळीत तर सगळ्यांना सगळं कळलेलं होतं!

येताना बाजारात नारळ घेतला, कानाशी हलवून, पाणी बघून. हे चाचरले, "अगं, पण आई..."

"आईंचं मी बघते. तुम्ही आडाळो खाली काढा."

सासूबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या. डॉक्टर काय म्हणाला ते मी सगळं सांगितलं. ऐकेनात. "देवाक शब्द दिलंय मी. माझो नवस मोडतलस? आणि तुका काय झाला तर?" बोलता बोलता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्यापेक्षा जास्त त्याच घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. पण म्हणून मी पेज पिणार नव्हते.

मी नारळ देव्हाऱ्यापुढे ठेवला. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात: एकाने देवाला मोठ्याने मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. हे काम पुरुषांचं. बाईने घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी घातलं.

"बा देवा म्हाराजा! आयेन माझ्यासाठी नवस केल्यान, तू पावलस. आता तिका त्या नवसातून मोकळी कर. माझ्या कुडीत चरबी साठवणारी कोण भवानी अजून लपली असात, तर तिका उपाशी मार. माका मारू नको. माका जेवूक दी. माका जगूचा आसा रे म्हाराजा!"

हे जमिनीकडे बघत उभे. गाऱ्हाण्याला साथ मिळाल्याशिवाय नारळ फोडत नाहीत, म्हणून मी तो हातात घेऊन तशीच थांबले.

मागून सासूबाईंचा आवाज आला, चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत जाईल एवढा.

"व्हय म्हाराजा!"