रजिस्टरातला जातीचा रकाना

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर थोरलीने विचारले की मेडिकलला नंबर लागावा म्हणून आणखी काय करू. मी सांगितले: घड्याळ लावून पेपर सोडव, चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेव. फोन ठेवल्यावर मला बसवेना. हेच मी पूर्वी एका मुलीला सांगितले होते आणि तिने ते तंतोतंत पाळले होते. तिचे पुढे काय झाले ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावे, म्हणून आज लिहिते आहे.

ती आमच्या गल्लीतली, मराठी शाळेत शिकलेली. पहिल्या वर्षी नीटमध्ये तिचे गुण कमी पडले. अकोल्याचा क्लास परवडण्यासारखा नव्हता, म्हणून ती रोज चार वाजता माझ्याकडे येऊ लागली. जीवशास्त्राचे इंग्रजी पुस्तक आम्ही ओळ न ओळ वाचले, आकृत्यांखालची बारीक अक्षरेसुद्धा. रविवारी परीक्षेच्याच वेळेला, दुपारी दोनला, ती पूर्ण पेपर सोडवायला बसे. केंद्रावर पंखा चालेलच असे नाही, म्हणून आम्ही तो बंद ठेवत असू. दुसऱ्या वर्षी तिच्या प्रवर्गातून सरकारी कॉलेज मिळेल इतके गुण पडले. खुल्या यादीला ते पुरत नव्हते.

राहिले होते जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी तिच्या आजोबांची शाळेतली जुनी नोंद हवी होती. आजोबा आमच्याच गावच्या शाळेत शिकले होते, पण दाखला त्यांनी कधी नेलाच नव्हता. त्याच शाळेत मी पुढे मुख्याध्यापिका होते. त्यामुळे ते निर्धास्त होते. बाईनं कागद ठेवला म्हणजे त्याले पाय फुटत नाहीत, असे शाळेकडे जाताना रस्ताभर गमतीने म्हणत होते.

शाळेत नव्या सरांनी कपाट उघडून रजिस्टर काढून दिले. अक्षर माझे होते. आजोबांनी आपले नाव शोधले, बोट आडवे सरकवत नेले आणि एका रकान्यावर थांबवले. तिथे फक्त 'हिंदू' लिहिले होते. वर, खाली, सगळ्या पानावर तेवढेच.

"बाई, बाकी सारं हाय. मंग माही जात कुठं गेली?"

"जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं," मी म्हणाले.

वाळवीने फक्त कडा खाल्ल्या होत्या. जातीचा रकाना शाबूत होता. मुख्याध्यापिका झाल्यावर मीच ती जुनी रजिस्टरे नव्याने उतरवून काढली होती. मुलांच्या नावापुढे जात कशाला, असे मला तेव्हा मनापासून वाटे. म्हणून मी ती गाळली, आणि जुनी पाने शाळेमागे जाळली. नीटनेटके काम केल्याचे समाधान घेऊन घरी आले होते.

मी जात पडताळणी समितीपुढे लेखी जबाब दिला. त्यातही वाळवीच लिहिली. मूळ नोंदीशिवाय भागेना. मुदत संपली आणि तिची जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्या दिवशी माझाच चेहरा पाहून ती मला समजावू लागली.

"आजी, वाळवीले कोन काय करनार? तुमी कायले जिवाले लावून घेता?"

पुन्हा परीक्षेला ती बसली नाही. आज ती अकोल्याला नर्स आहे. आजोबा गेले. चार वाजले की मी अजून दाराची कडी काढते. कधी कधी बंद डोळ्यांपुढे ती पाने येतात, माझ्याआधीच्या कुणा गुरुजींच्या निळ्या-काळ्या शाईतली. मी आजोबांच्या ओळीपर्यंत पोचते. नाव वाचता येते. पुढच्या रकान्याशी आले की पान पेट घेते.

रविवारी ती गावी येणार आहे. हे पत्र तुम्हाला पाठवण्याआधी मी तिला वाचून दाखवणार आहे. त्यानंतर ती माझ्याकडे येईल की नाही, मला माहीत नाही.

मी लिहिलेले रजिस्टर शाळेच्या कपाटात आहे. त्यात आजोबांचे नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचा दिवस आणि खाली माझी सही आहे.