जित्या माणसाच्या फोटोला हार

लढाई लागली सीमेवर आणि शूर झालं आमचं गाव. लासुर्ण्याच्या अलीकडचं हे गाव, शेजारच्या भांडणात कधी मधे पडत नाही. पण त्या मे महिन्यात पारावरचा जो तो शत्रूची राजधानी घ्यायला निघालेला, तीही चहा निवायच्या आत.

माझा थोरला फौजेत. चार दिवस त्याचा फोन बंद. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढायची आणि दर दोन डावांमागं मोबाईल बघायची. जीव नुसता टांगणीला लागलेला.

पाचव्या दिवशी सांगवीची नणंद एसटीतून उतरली ती हंबरडा फोडतच घरात आली. "वैनी, आमाला कळवलं का न्हाय गं?"

वाटलं, हिला माझ्याआधी कळलं की काय! तिनं फाट्याकडं बोट केलं. तिथं माझ्या लेकाचा भलामोठा फ्लेक्स लागलेला, आणि फोटोला झेंडूचा घसघशीत हार.

फोटोला हार कधी घालतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरुण मंडळाला तेवढं कळलं नव्हतं. मी तशीच फाट्यावर धावले. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "काकी, मान दिलाय! हार खास इंदापूरवरनं आणलाय."

"मान? मेल्या, माझं लेकरू जितं हाय!" मी फ्लेक्सखाली उभ्या ट्रॉलीवर चढले, हार तोडला आणि गटारात फेकला.

संध्याकाळी विहारात आम्ही बाया जमलो. आमच्या वस्तीतल्या तर होत्याच, ऊसवाल्यांच्या सुनाही आल्या. त्यातल्या एकीचा भाऊही सीमेवर होता. बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली. ठरलं, ग्रामसभेत ठराव मांडायचा: लढाई थांबवा. सह्या झाल्या, अंगठे उठले.

ग्रामसभेत सरपंच तात्यांनी कागद वाचला आणि हसले. "शांततेचा इषय पंचायतीच्या अखत्यारीत येत न्हाय. गटाराचा येतो." टाळ्या पडल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "फौजीची आईच असं बोलाया लागली, तर गावानं बघायचं कुणाकडं?"

मी उठले. पिशवीतून झेंडूचा नवा हार काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"तात्या, ठराव ऱ्हाऊ द्या. ज्याला लढाई पायजे त्यानं घरी जावं आन् आपापल्या पोराचा फोटो घिऊन यावं. हार मी आणलाय."

कुणी जागचं हललं नाही. मंडळाच्या अध्यक्षाची आई मागच्या रांगेत होती. ती पुढं आली आणि तिनं कागदावर अंगठा दिला. तात्यांनी वहीत लिहिलं, 'गटाराच्या कामावर सविस्तर चर्चा झाली.'

दोन दिवसांनी तोफा थांबल्या. पारावरचे सगळे हळहळले, म्हणे लढाई अजून चार दिवस तरी चालायला हवी होती. दुपारी मोबाईल वाजला.

"आई, मी बरा हाय. गावात काय चाललंय?"

"गटाराचं काम चाललंय," म्हटलं, आणि तिथंच खाली बसून रडायला लागले.